भिंतीवरची सुरई

फोन लॉकरमध्ये होता. आमच्या चिपच्या कारखान्यात क्लीनरूममध्ये शिरताना फोन बाहेरच ठेवावा लागतो, आणि त्या दिवशी आतलं काम लांबलं. तीन तासांनी बाहेर येऊन डोक्यावरची पांढरी टोपी उतरवली, हातमोजे डब्यात टाकले, लॉकर उघडला, तर टमाशचे सहा मिस्ड कॉल. टमाश एकदा फोन करून वाट बघणारा माणूस. सहा म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं. अंगातला पांढरा सूट तसाच ठेवून मी तिथल्या बाकावर बसले आणि फोन लावला. "मेधा... बाबा इज गॉन," तो म्हणाला. सकाळचा चहा झाला होता. कुंदाकाकू ओट्यापाशी उभ्या राहून येताना फरसबी आणायची आठवण करत होत्या, आणि खुर्चीतून उत्तर आलं नाही. एवढंच झालं होतं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. टमाशचे बाबा म्हणजे त्याचे सासरे, कुंदाकाकूंचे यजमान, अविनाश पेठे. चँडलरमधल्या आम्हा मराठी लोकांचे पेठेकाका. साताऱ्यात वाढले, पुण्यात इंजिनीअर झाले आणि ॲरिझोनाच्या या वाळवंटात चिपचे कारखाने उभे राहत होते त्या काळात इथे आले. त्यांचं काम हवेचं. क्लीनरूममधली हवा किती दमट, किती थंड, तिच्यात धुळीचा कण आहे की नाही, हे बघायचं. पार्टीत कुणी विचारलं, काका तुम्ही काय करायचात, तर म्हणायचे, "हवा राखायचो." शेत राखतात तसं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी गेले, आजारपण नाही, हाल नाहीत. लोक म्हणाले, भाग्यवान. असतीलही. मला मात्र त्यांच्यापेक्षा माझंच भाग्य आठवत राहतं, आणि म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी नागपूरहून शिकायला आले आणि शिक्षण संपल्यावर चँडलरमध्ये पहिली नोकरी लागली. नवरा, हेमंत, तेव्हा बॉथेलला होता, सिएटलजवळ, त्यामुळे संसार फोनवर. नोकरीला चार महिने झाले असतील, आणि माझ्या हाताखालचे वेफर खराब निघायला लागले. वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती, जिच्यावर चिप घडते. तिच्यावर एक पातळ लेप चढवायचा असतो, तो माझ्याकडे सुटून यायला लागला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. माझा मॅनेजर प्रत्येक मीटिंगमध्ये माझी रेसिपी, म्हणजे लेप चढवायची कृती, पडद्यावर लावायचा आणि सगळे ती वाचायचे. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की देश सोडायची तयारी करावी लागते. मी मनातल्या मनात बॅगा भरायला लागले होते. त्या आठवड्यात एक उंच, वाकलेले गृहस्थ हातात छोटं मीटर घेऊन माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. सूटमधून फक्त डोळे दिसत होते. तासभर मोजत राहिले. मग भिंतीवरच्या यंत्राकडे बोट दाखवून चक्क मराठीत म्हणाले, "हे खोटं बोलतंय. ओलावा दाखवतंय त्यापेक्षा जास्त आहे." त्या पांढऱ्या वेषातून मराठी ऐकून मला रडूच आलं, आणि क्लीनरूममध्ये रडता येत नाही, नाकातोंडावर मास्क असतो. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला ते न बोलावता आले. यंत्राचे आकडे आणि त्यांच्या मीटरचे आकडे शेजारी शेजारी लावले आणि मॅनेजरला म्हणाले, पोरीकडे बोट दाखवायच्या आधी हवा तपासायची असते. इंग्रजीत म्हणाले, पण 'पोरगी' त्यात होतीच. बाहेर आल्यावर मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "आभार कसले? यंत्र माझं होतं. चूक माझ्या खात्याची होती. रविवारी जेवायला ये, कुंदा आमटी चांगली करते."

त्या रविवारपासून मी त्यांच्या घरची झाले. काकांचं प्रेम बोलण्यात कधी नसायचं. माझ्या गाडीच्या टायरमधली हवा ते मला न विचारता तपासायचे. भांडायचेही खूप. स्वयंपाकात काकूंनी पातेल्यावरचं झाकण चुकीच्या वेळी काढलं तर वाफेवर व्याख्यान द्यायचे. हट्टी होते, चिडके होते, आणि एकदा 'नाही' म्हटलं की त्या 'नाही'ला ते वर्षानुवर्षं पाणी घालून वाढवायचे. हे मी कौतुकाने लिहीत नाही. त्याचा त्रास त्यांच्या माणसांना झाला, त्यांना स्वतःला तर सर्वांत जास्त.

माझे बाबा नागपूरला अचानक गेले, तेव्हा माझ्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचे कागद अडकलेले होते. देश सोडला असता तर परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती. वकील म्हणाला, ट्रॅव्हल करू नका. तिकडे सकाळ होती, इकडे दिवेलागण. भाऊ घाटावर फोन हातात धरून उभा होता आणि मी चँडलरच्या अपार्टमेंटमध्ये टेबलावर फोन ठेवून ऐकत होते. दिसत काहीच नव्हतं. गुरुजींचा आवाज, कुणाचा तरी खोकला, लाकडं रचल्याचा आवाज... हेमंतचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. काका-काकू आले होते. काका 'ऐकू नकोस' म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि माझ्याबरोबर सगळं ऐकलं. फोन बंद झाल्यावर काकूंनी स्वयंपाकघरातला एक कोपरा पुसला, छोटी पणती लावली आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवला. आपल्याकडे गेलेल्याला तहान लागते म्हणून दहा दिवस पाणी ठेवतात. मला ते आठवलंही नसतं. पणतीच्या धुराने स्मोक अलार्म वाजायला लागला, तर काकांनी स्टुलावर चढून तो वर्तमानपत्राने वारा घालत गप्प केला. पुढचे दहा दिवस कामावर जायच्या आधी सकाळी साडेसहाला ते माझ्या दारात यायचे. पेल्यातलं पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घालायचे, पेला घासून भरून ठेवायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी एकदाच त्यांनी विचारलं, "वडिलांचं नाव काय गं?" मी म्हटलं, "प्रभाकर." ते पेला ठेवताना हळूच काहीतरी पुटपुटले. ते नाव होतं की दुसरं काही, मी विचारलं नाही.

हे मी एवढं लांबवून सांगते आहे, कारण स्वतःच्या मुलीच्या वेळी हाच माणूस तो पेला भरू शकला नाही.

अनघा ही त्यांची एकुलती एक. शाळेत चित्रकला शिकवायची. मोठ्याने हसायची, मराठी अमेरिकन चालीत बोलायची, काकांना "बाबा, यू आर इम्पॉसिबल" असं दिवसातून चारदा ऐकवायची. टमाश तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याचे आईवडील हंगेरीहून आलेले, कॅथलिक. लग्नाला काकांनी फारसा विरोध केला नाही. पोरगा शांत होता, आणि त्याला थर्मोडायनॅमिक्स येत होतं. लग्नानंतर दोघं हंगेरीत त्याच्या आजीच्या गावी गेली. दक्षिणेकडचं, डोंगराच्या उतारावरचं शहर, नाव पेच. काका फोनवर म्हणाले होते, "नावातच आहे." त्या शहराच्या पोटात सोळा-सतरा शतकांपूर्वीचं ख्रिस्ती दफनस्थळ आहे, रोमन काळातलं. जमिनीखाली छोट्या छोट्या खोल्या, आणि काहींच्या भिंतींवर चित्रं. अनघा ती बघून इतकी भारावली की तिथूनच तिने काकांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बाबा, इथल्या हवेला तुमची गरज आहे. रिटायर झालात की तुम्हाला आणि आईला घेऊन येणार.' काकांनी उत्तर पाठवलं, 'आधी सोप्या जागा दाखव.'

ते राहून गेलं. अनघा दोन वर्षं कॅन्सरशी झगडली आणि छत्तिसाव्या वर्षी गेली. जायच्या आधी तिने सांगून ठेवलं होतं की मला जाळू नका, पुरा. धर्म तिने बदलला नव्हता, त्या फंदात ती पडलीच नाही. तिचं कारण साधं होतं. ते मला नंतर काकूंनी सांगितलं. हॉस्पिटलच्या पलंगावरून ती काकांना म्हणाली होती, "बाबा, टमाशला यायला एक जागा लागेल. तो तसा आहे. तुम्हाला लागणार नाही, तुम्ही स्ट्राँग आहात." त्यांना एवढंच ऐकू आलं की मुलीने शेवटचा निर्णय नवऱ्याच्या बाजूने दिला. स्ट्राँग आहात म्हणाली, ते तर त्यांना शिवीसारखं लागलं असावं.

दफनाला ते आले, उभे राहिले, मुठीतली माती मात्र त्यांनी टाकली नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. काकूंनी कोपरा पुसला, दिवा लावला, पेला भरून ठेवला. काका आले, पेला उचलला आणि सिंकमध्ये ओतला. "ती तिकडे मातीत," ते म्हणाले, "आणि पाणी इकडे? कुणासाठी?" काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन काही बोलायला हवं होतं. माझ्या बाबांच्या वेळचे ते दहा दिवस आठवत होते, पण मी नाही बोलले. त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

मग शनिवार सुरू झाले. काकूंना ड्रायव्हिंग येत नसे, त्यामुळे दर शनिवारी काका त्यांना दफनभूमीत घेऊन जायचे. शहरातलीच साधी जागा आहे, हिरवळ, जमिनीलगत ग्रॅनाइटच्या पाट्या, कडेने पालो व्हर्डेची झाडं, चैत्रात पिवळीजर्द होतात. काकू फुलं घेऊन उतरायच्या आणि काका गाडीत बसायचे, इंजिन चालू, एसी चालू. टमाश तिथे असायचाच. तो चालत गाडीपाशी यायचा, काचेवर टकटक करायचा. काका काच दोन बोटं खाली करायचे, "हॅलो" म्हणायचे, आणि काच वर. असं किती दिवस? चार वर्षं. मी एकदा धीर करून विचारलं, काका, उतरत का नाही? म्हणाले, "या गाडीचा एसी बघतोय. आवाज करतोय." त्या चार वर्षांत त्यांनी गाडी बदलली, तरी एसी आवाज करतच राहिला.

हंगेरीला जायचं काकूंनी काढलं. टमाशची मावशी पेचला राहते, तिने बोलावलं होतं. काका नाही म्हणाले. तोवर ते रिटायर झाले होते, एक गुडघा बदललेला, कारण हाताशी होतं. काकू आयुष्यात नवऱ्याच्या शब्दापुढे फारशा गेल्या नव्हत्या. त्या दिवशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "तिला आपल्याला दाखवायचं होतं. मी जाणार. तुम्ही या, नाहीतर तिथेही गाडीत बसा." काका आले. मला त्याच सुमाराला कामासाठी जर्मनीला जायचं होतं. काकूंनी फोनवर एवढंच म्हटलं, "तू असलीस तर बरं." मी तीन दिवस काढले आणि बुडापेस्टहून आगगाडीने पेचला पोहोचले.

पाऊस पडत होता, बारीक, थंड, ऑक्टोबरमधला. दफनस्थळ शहराच्या मधोमध आहे, वर चौक, झाडं, बाकं, लोक सायकली घेऊन चाललेले. दारातून आत शिरलं की खाली उतरत जायचं. टमाशने आमच्यासाठी तिथल्या एका बाईंना सांगून ठेवलं होतं. इलोना, साठीच्या, आखूड पांढरे केस, चित्रं जपणं हे त्यांचं काम. त्या हळू, नीट इंग्रजीत सांगत होत्या. खाली खोली असायची, तिच्यात वारलेलं माणूस. वर जमिनीवर छोटी वास्तू, तिथे घरचे लोक जमायचे, त्याच्या नावाने एकत्र बसून जेवायचे. काका मागून येत होते, कठड्याला धरून, गुडघा सांभाळत. थांबून म्हणाले, "श्राद्धच की हे." इलोनांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

एका खोलीपाशी आलो. काचेच्या अलीकडे आपण, पलीकडे ती. केवढीशी ती खोली, आपल्या देवघरापेक्षा जराशी मोठी. भिंतींवर द्राक्षाचे वेल, रंग उडालेले, तरी पानं ओळखू येणारी, आणि समोर कोनाड्यात रंगवलेली एक सुरई आणि शेजारी पेला. बाकी कुणी माणूस नाही, देव नाही. आम्ही बघत होतो, आणि काका काय करत होते? खिशातून मीटर काढलं होतं! मोजत होते. काचेच्या कोपऱ्यात धुकं धरलं होतं, त्याकडे बघत ते इलोनांना विचारायला लागले, आतला ओलावा किती, दगडाचं तापमान किती, एका वेळी किती माणसं सोडता. इलोना थक्क होऊन उत्तरं देत होत्या. शिरस्ता असा की पाहुणे संताविषयी विचारतात, शतकाविषयी विचारतात. दवबिंदूविषयी कुणी विचारत नाही.

तेवढ्यात काकू बोलल्या. काचेच्या अगदी जवळ गेल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "अहो... पाणी ठेवलंय."

काका बोलता बोलता थांबले.

"कुणीतरी ठेवलंय बघा त्याच्यासाठी. पेलासुद्धा आहे." इलोनांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पाणी ठेवतात. त्या म्हणाल्या, ती सुरई वाइनची असावी, त्याचा धार्मिक अर्थ लावतात. मग काकूंकडे बघून म्हणाल्या, "पण तुमचंही बरोबर आहे. ज्याने रंगवून घेतलं, त्याला आपलं माणूस तहानलेलं राहू नये असं वाटलं असेल." मी ते मराठीत सांगितलं. काकूंना इंग्रजी समजतं, तरी सांगितलं, कारण ते काकांनी मराठीतून ऐकावं असं मला वाटलं.

काकांनी मीटर खिशात ठेवलं. चष्मा काढला. त्याची काच पुसली, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग कोनाड्याकडे बघत, आमच्यापैकी कुणाशीच नाही अशा आवाजात म्हणाले, "मातीत असूनसुद्धा ठेवलंय." एवढं बोलून ते तिथल्या पायरीवर बसले. गुडघा नीट वाकत नसतानाही बसले. टमाश त्यांच्या शेजारी बसला. मी काकूंना घेऊन जरा पुढे गेले, दुसऱ्या खोलीकडे, तिथे काय होतं ते मला आज काही केल्या आठवत नाही. परत आलो तेव्हा दोघं तसेच बसले होते, आणि काकांचा हात टमाशच्या पाठीवर होता. बोलणं काय झालं, मी कधी विचारलं नाही. काही झालं नसावं असाच माझा अंदाज.

पुढचे दोन दिवस काका इलोनांबरोबर होते. मला वाटलं होतं, हे आता तिथल्या लोकांना शहाणपण शिकवणार. पण हॉटेलवर येऊन ते काकूंना म्हणाले, "मला माहीत आहे ते सगळं त्यांना माहीत आहे, आणि वर चित्रांचंही माहीत आहे." हे वाक्य पेठेकाकांच्या तोंडून आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तरी त्यांनी एक गोष्ट हेरलीच. पावसात आलेले लोक ओले कोट अंगावर घेऊनच खाली उतरत होते. काका म्हणाले, कोट वर काढून ठेवायला लावा, प्रत्येक कोटाबरोबर वाटीभर पाणी खाली जातंय. इलोना हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढल्या वर्षी त्यांनी फोटो पाठवला, भिंतीवर ओळीने कोट अडकवायच्या खुंट्या. काकांनी तो फोटो अख्ख्या चँडलरला दाखवला. माझ्या लेकीला म्हणाले, "माझं आयुष्यातलं सर्वांत स्वस्त डिझाइन." ती म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट हुक्स." काका म्हणाले, "एक्झॅक्टली."

आम्ही परत आलो त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला. "मेधा, आज उतरले गं."

"काय केलं?"

"काही नाही. चालत गेले, वाकून पाटीवर हात ठेवला आणि म्हणाले, केवढी तापलीय. मग गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि सगळी ओतली. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टमाश बघत होता. त्यानेही आपली बाटली आणली."

त्यानंतर काकांचा एकही शनिवार चुकला नाही. पाटी धुवायची, गवत कातरायचं, पालो व्हर्डेच्या सावलीत घडीच्या खुर्च्या टाकून बसायचं. काकू डबा न्यायच्या. तिथल्या माळ्याला थालीपीठ आवडायला लागलं. काका आणि टमाश गप्पा मारायचे, कशावर, तर हवेवर. मला अनेकदा वाटतं, अनघाने टमाशसाठी म्हणून मागितलेली जागा खरं तर तिने बापासाठी मागितली होती, आणि त्याचा अहंकार दुखवू नये म्हणून नाव दुसऱ्याचं घेतलं. ती त्यांना चांगली ओळखत होती. काकांना मी हे एकदा बोलून दाखवलं. म्हणाले, "चार वर्षं लागली मला समजायला. तुला वेफरचं एका आठवड्यात समजलं होतं." मी म्हटलं, "काका, ते तुम्हीच समजावलं होतंत." म्हणाले, "हो. दुसऱ्याची हवा तपासणं सोपं."

गेल्या वर्षी एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर होते. डबा खाऊन झाला होता. काकांनी हात धुतले, पुसले, आणि टमाशकडे न बघता इंग्रजीत विचारलं, "इथे जागा आहे का? थोडी राख मावेल एवढी?" मुलीच्या थडग्यातल्या जागेसाठी बाप जावयाची परवानगी मागत होता. टमाश उठून झाडापर्यंत गेला, परत आला आणि मानेने हो म्हणाला. काका म्हणाले, "गुड. बाकीची कुंदा साताऱ्याला नेईल, कृष्णेत." मग काकूंना, "मठ्ठा उरलाय का गं?"

तसंच झालं. त्यांना अग्नी दिला, आणि दहाव्या दिवशी आम्ही चौघं, काकू, टमाश, हेमंत आणि मी, तिथे गेलो. माळ्याने पाटीलगत हातभर खड्डा करून ठेवला होता. लाकडाची छोटी पेटी टमाशने उतरवली. माती टाकायची वेळ आली तेव्हा काकूंनी पहिली मूठ टाकली आणि म्हणाल्या, "ही माझी." दुसरी टाकली आणि म्हणाल्या, "ही त्यांची. तेव्हाची राहिली होती." मला वाटलं होतं, मी तिथे कोसळेन. तसं झालं नाही. मनात फक्त एक भरलेपण होतं. नागपूरहून आलेल्या एका घाबरलेल्या मुलीसाठी हा माणूस न बोलावता मीटिंगला आला होता, तिच्या वडिलांसाठी दहा सकाळी पाणी भरून गेला होता, आणि म्हातारपणी, सगळ्यांच्या देखत, त्याने स्वतःचं 'नाही' मागे घेऊन दाखवलं होतं. याहून जास्त एखाद्याकडून काय मिळायचं असतं...

परवा काकूंकडे गेले होते. मागच्या अंगणात, छपराखाली, खांबाला काकांनी स्वतः बनवलेलं एक यंत्र टांगलेलं आहे. दोन तापमापक शेजारी शेजारी. एक उघडा, आणि दुसऱ्याच्या बुडाला सुती वात गुंडाळून तिचं टोक खाली पाण्याच्या वाटीत सोडलेलं. दोन्हींमधल्या फरकावरून हवेतला ओलावा कळतो. वाळवंटातली हवा, वाटी रोज आटते. बाजारात पुष्कळ यंत्रं मिळत असताना काकांना हेच हवं असायचं, म्हणायचे, हे खोटं बोलत नाही. मी गेले तेव्हा काकू हातात तांब्या घेऊन ती वाटी भरत होत्या. मी विचारलं, "काकू, वाचता येतं का तुम्हाला त्यातलं?"

"छे गं," त्या म्हणाल्या, "मला कुठलं कळायला?" वातीचं वर आलेलं टोक त्यांनी बोटाने पाण्यात नीट बुडवलं. "पण कोरडी नको राहायला."